हाताला गुण आहे गं, हातात जग आहे तोच प्रॉब्लेम

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय, थोडं कापून देते:

"मावशी, आम्ही घोडबंदर रोडला राहतो, पाचवा मजला, पश्चिमेची बाल्कनी, साधारण आठ बाय चार फूट. वर्षभरात माझ्या तीन तुळशी, दोन कढीपत्ते, पुदिना आणि मार्चमधे लावलेले टोमॅटो गेले. मोगऱ्याच्या आता नुसत्या काड्या उरल्यात, फेकायच्या बेतात आहे. सासूबाई सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालतात, त्याशिवाय मी ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर न चुकता सगळ्यांना एक एक जग पाणी घालते. व्हिडिओ बघून केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याचं पाणी, चहाचा चोथा सगळं घालून झालं. गणपतीला आठ दिवस गावी जाताना आदल्या रात्री दोन बादल्या ओतून गेले तरी आल्यावर निम्मी झाडं गेलेली. खालच्या काकू बेडशीटवर पाणी टपकतं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात. सासूबाई म्हणतात तुझ्या हाताला गुण नाही, नवरा म्हणतो प्लास्टिकची झाडं आण. काय चुकतंय?"

मावशी म्हटलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करते. आणि आधी ते हाताच्या गुणाचं डोक्यातून काढून टाक. मी तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन. तुळस साधारण आठ इंची कुंडीतच असणार, नर्सरीतून तशीच येते, त्यात माती मावते जेमतेम चार लिटर. सासूबाईंचा तांब्या पाऊण लिटरचा धर, तुझे दोन जग मिळून सव्वा-दीड लिटर. म्हणजे चार लिटर मातीवर रोज दोन लिटर पाणी, पावसाळ्यातसुद्धा! अगं तू तुळस लावलीयस की भात?

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, मातीच्या कणांमधे ज्या बारीक पोकळ्या असतात ना, त्यातनं ती मिळते. रोज चिखल केला की त्या पोकळ्या पाण्यानेच भरून राहतात, मुळं गुदमरतात, मग कुजतात. आणि गंमत बघ, कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, त्यामुळे खाली एवढं पाणी असून वर पानं मान टाकतात, अगदी तहानलेल्या झाडासारखी. आपल्याला वाटतं अरेरे बिचारं सुकलं, आणि आपण अजून एक जग ओततो. माझे पहिले तीन कढीपत्ते डोंबिवलीत असेच गेले, तिसरा उपटून बघितला तेव्हा कळलं, मुळं काळी पडलेली आणि बोटाने दाबली तर साल सुटून हातात आली.

तूपण आज एक काम कर. मेलेल्या टोमॅटोची कुंडी पेपरवर उलटी कर आणि वास घे. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, तुझ्या कुंडीत तळाला गटाराचा येईल, मी पैज लावते. मग तो मातीचा गोळा मधून फोड. वरून चिखल, तळाला चिखल आणि मधे एक नारळाएवढा कडक लाल गड्डा, तो चक्क कोरडा निघाला तरी आश्चर्य नको. ती नर्सरीची लाल माती. रोप ने-आण करताना मुळं सुटू नयेत म्हणून ते चिकट मातीत भरतात, त्यांच्या धंद्याला ते बरोबर आहे, पण ती एकदा वाळली की विटेसारखी होते, मग वरून ओतलेलं पाणी गोळ्यात न शिरता कडेकडेने घसरून खाली काकूंच्या बेडशीटवर. म्हणजे झाडाची मुळं मधे तहानलेली, तळाला कुजलेली आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुझी बदनामी, तिन्ही गोष्टी एकाच मातीने केल्या.

तेव्हा रोप आणलं की पिशवीसकट बादलीत बुडवून ठेवायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग पिशवी कापून कडेची लाल माती बोटांनी हलकेच मोकळी करायची, सगळी धुवून काढायची नाही हां, मुळं तुटतात. आणि नव्या कुंडीत भरायला एक डबा साधी माती, एक डबा भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक डबा गांडूळखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. डबा कुठलाही चालेल, मी श्रीखंडाचा वापरते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर एकदोनदा स्वच्छ पाण्याने पिळून घे, त्यात मीठ असतं. मिश्रण जमलं की नाही ते कसं कळणार, तर बेसनाच्या लाडवासारखा मुठीत वळून बघ. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर लगेच फुटला पाहिजे. फुटत नसेल तर चिकणमाती जास्त झालीय, वळतच नसेल तर कोकोपीट जास्त.

भोकांचं बघ. प्लास्टिकच्या बऱ्याच कुंड्यांना नुसत्या खुणा असतात, भोकं आपण पाडायची असतात, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने चारपाच पाड. तळाला खडी-विटांचा थर घालायची काही गरज नाही, सगळे सांगतात पण त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा खाल्ली जाते. भोकावर एक खापराचा तुकडा नाहीतर नारळाची शेंडी ठेवली की माती वाहून जात नाही, झालं. आणि कुंडी काठोकाठ भरायची नाही, वर दीडेक इंच मोकळं सोडायचं, नाहीतर पाणी वरूनच सांडतं.

आता पाणी. घड्याळ बघून घालायचंच नाही. बोट दोन पेरं मातीत खुपस, आत ओल लागली तर आज सुट्टी, कोरडं लागलं तर घाल, आणि घालशील तेव्हा नीट घाल, पण हळूहळू, अर्धं ओतून पाच मिनिटं थांब, मुरू दे, मग उरलेलं, तळातून जरासं बाहेर दिसलं की बास. थोडे दिवसांनी बोटाचीही गरज लागत नाही, कुंडी एका बाजूने किंचित उचलली की वजनावरनंच कळतं. आत्ता ऑक्टोबर हिटमधे तुझ्या पश्चिमेच्या बाल्कनीत मातीच्या कुंडीला रोज लागेलसुद्धा, जुलैत आठवडाभर लागणार नाही.

तुळशीचा प्रश्न मात्र बागकामाचा नाही गं, घरातला आहे, तिथे तोल सांभाळून. सासूबाईंना पाणी घालू नका म्हणशील तर महाभारत होईल, आणि म्हणूही नये, त्यांची चाळीस वर्षांची सवय आहे. शिवाय ज्या काळात ती लागली तेव्हा तुळस अंगणातल्या वृंदावनात असायची, खाली अख्खी जमीन, तांब्या काय कळशी ओतली तरी मुरून जायची. तर देवघरात पळी-पंचपात्र असेल ना, ते बाल्कनीत आणून ठेव. तुळशीला पळीभर पाणी, हळदकुंकू, प्रदक्षिणा, सगळं साग्रसंगीत, आणि तांब्यातलं उरलेलं ज्या कुंडीला त्या दिवशी गरज असेल तिला. माझ्या सासूबाईंना मी हेच सांगितलं होतं, पहिले दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग कुठली कुंडी कोरडी आहे ते बोट घालून त्याच बघायला लागल्या आणि मला ओरडायला लागल्या. तूपण खुशाल त्यांना खातं देऊन टाक.

तुळशीचं लग्न महिना-सव्वा महिन्यावर आलंय, त्यामुळे नवीन तुळस आणशीलच. दहा-बारा इंची मातीची कुंडी घे, प्लास्टिक नको, मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडून जातं म्हणून पाण्याला हात सैल असलेल्यांना तीच बरी. आणि मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत जा, बियांसाठी दोनचार ठेव. सगळ्या मंजिऱ्या झाडावर पिकू दिल्या की तुळस आपलं काम झालं म्हणून वाळायला लागते. रविवारी आणि द्वादशीला तोडत नाहीत म्हणून ऐकवतील, तू बुधवारी तोड. डिसेंबरात थोडी मलूल दिसली तर घाबरू नकोस, तिला थंडी मानवत नाही.

पुढची झाडं आणायच्या आधी एक रविवार मला दे. खडू घे आणि दुपारी एकपासून दर तासाला बाल्कनीच्या फरशीवर ऊन कुठपर्यंत आलं त्याची रेघ मार, बाजूला वेळ लिही. पश्चिमेच्या बाल्कनीत सकाळी काही नाही आणि दुपारनंतर एकदम कडक, भिंतीसुद्धा तापतात, ते समोर टॉवर आहे का यावर पण अवलंबून. आणि हे वर्षभर सारखं नसतं. पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिलीस की डावा हात दक्षिणेला, सूर्य आता डिसेंबरपर्यंत रोज थोडा थोडा डावीकडे सरकत मावळणार, म्हणजे ऊन तिरकं येऊन उजव्या भिंतीवर जास्त पडणार. मे-जूनमधे उलटं. त्यामुळे मागच्या वर्षी इथे मस्त फुललं होतं आणि आता काय झालं, असं वाटलं तर झाडाला नाही, खडूच्या रेघांना विचार.

चार-पाच तास ऊन मिळतंय तिथे मोगरा, कढीपत्ता, मिरची. पुदिना तू बहुतेक भर उन्हात छोट्या उभ्या कुंडीत लावला असशील, त्याला पसरट भांडं लागतं कारण तो जमिनीलगत पळतो, आणि दुसऱ्या झाडाच्या सावलीत जास्त खुश असतो. रोप विकत आणूच नकोस, भाजीवालीकडच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेव, आठवड्याभरात पांढरी मुळं येतात. टोमॅटो मार्चमधे लावलेस हीच चूक, दुपारचं तापमान ३५ च्या वर गेलं की फुलं गळून जातात, फळ धरत नाही, त्यात तुझा काही दोष नाही. आत्ता लाव, चेरी टोमॅटो लाव, बारा इंची कुंडीत एकच रोप, जानेवारीत खाशील. फुलं आली की देठाला रोज हलकी टिचकी मार, पाचव्या मजल्यावर मधमाश्या येतीलच असं नाही.

आणि सगळ्यात आधी मेथी लाव, कारण तुला आत्ता एक तरी गोष्ट जिवंत बघायची गरज आहे. मासे बाजारातून थर्माकोलचं खोकं आण (धुवून घे बाई, नाहीतर सोसायटीतली सगळी मांजरं तुझ्याकडे), तळाला पेनने भोकं पाड, चार इंच मिश्रण भर, डब्यातले मेथीचे दाणे रात्रभर भिजवून दाट पेर आणि वरून पातळ माती. तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. बाजारात समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात ना, तेवढी झाली की मुळासकट उपटायची, लसूण घालून परतायची, खोकं परत पेरायचं. कोथिंबीर थोडी उशिरा, दिवाळीनंतर हवा गार झाली की, आणि धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून.

थर्माकोल सांगितलं त्यामागे वजन पण आहे. बारा इंची कुंडी ओल्या लाल मातीने भरली की वीस-पंचवीस किलो होते, अशा दहा एका ओळीत ठेवल्या तर विचार कर. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी शहरी शेतीवाल्या डॉ. दोशींची पद्धत शिकून किचनचा ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून त्यातच झाडं वाढवली, मातीवर फार विसंबायला लागलं नाही. सुकी पानं, खत आणि थोडी माती, एवढ्यावर भाज्या मस्त येतात. आणि काही झालं तरी रेलिंगच्या बाहेर कुंडी टांगू नकोस. माझी शेवंती एकदा मेमधल्या वावटळीत तिसऱ्या मजल्यावरून खाली कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर जाऊन बसली, स्कूटरवर कोणी नव्हतं म्हणून आज हे सदर लिहितेय.

केळ्याचं पाणी, कांद्याचं पाणी वगैरे सध्या पूर्ण बंद. ताप आलेल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही. चहाचा चोथा तर दुधासाखरेचा असतो, न धुता घातला की मुंग्या, बुरशी आणि चिलटं. झाडाला नवे फुटवे आले, ते हिरवेगार दिसायला लागले, की महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, वरची माती जरा उकरून. कढीपत्त्याला मी महिन्यातून एकदा पातळ आंबट ताक घालते, आई घालायची म्हणून. त्याची पानं एकेक ओरबाडायची नाहीत, शेंडा कापायचा म्हणजे खालून दोन फांद्या फुटतात. थंडीत तो पानं गाळतो आणि रुसून बसतो, तेव्हा पाणी अजून कमी, मार्चपर्यंत नाद सोड.

पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण, मुंग्यांची वर्दळ वाढली की समज आलाच. जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासून काढ, मग आठवड्यातून एकदा संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि दोन थेंब लिक्विड सोप घालून पानांच्या खालून फवार. दुपारी फवारू नकोस, पानं भाजतात.

गणपतीचं सांगते. ओल्या मातीवर आणखी दोन बादल्या ओतून गेलीस, पहिले तीन दिवस चिखल, नंतरचे पाच दिवस काहीच नाही. पुढच्या वेळी सगळ्या कुंड्या भिंतीकडे सावलीत जवळजवळ ओढून ठेव, स्टुलावर पाण्याची बादली ठेव, आणि परकराची सुती नाडी, धुतलेली हवी कारण नव्या नाडीला खळ असते आणि ती पाणी ओढत नाही, एक टोक बादलीच्या तळाला आणि दुसरं टोक कुंडीच्या मातीत दोन-तीन इंच खोल पुरून ठेव. थेंब थेंब ओल जात राहते. जायच्या आधी दोन दिवस ट्रायल घे, बादली किती उतरते ते बघ. आणि निघताना कुंड्यांखालच्या ताटल्या काढून पालथ्या घाल. स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी-अळी-डास ही सगळी वारी आठ-दहा दिवसांत होते, तू गावी मोदक खात होतीस तेव्हा तुझ्या बाल्कनीत त्यांचं बाळंतपण चालू होतं. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी येऊन ताटल्या बघतात ते उगाच नाही.

काकूंना विचार कपडे किती वाजता वाळत घालतात, त्याच्या आधी पाणी उरकून टाक. मिरच्या लागल्या की पहिल्या चार त्यांच्याकडे पाठव, फोटो थांबतात.

राहता राहिला मोगरा. तो फेकू नकोस अजून. एका काडीवर, बुंध्याच्या जवळ, नखाने जरासं खरवड. आत तपकिरी आणि कोरडं निघालं तर ती काडी गेली, दुसरी बघ. हिरवं ओलसर दिसलं तर तो जिवंत आहे, नुसता बुडालाय. कुंडीतून काढ, काळी मऊ मुळं कात्रीने काप, काड्या अर्ध्यावर छाट, नव्या मिश्रणात लाव, एकदा पाणी दे आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेव. मग उन्हात सरकव. जानेवारी संपता संपता परत एकदा छाटणी आणि खत, कारण त्याची फुलं नव्या फुटव्यांवर येतात, मार्च-एप्रिलमधे. खरवडलेल्या काडीचा फोटो मला पाठव, आणि तो पाठवेपर्यंत त्याला पाणी घालू नकोस, सासूबाईंना पण सांगून ठेव.